अनुशेष संपला म्हणतात, मग पाणी कुठंय?

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की दोन बातम्या हमखास येतात. पहिली म्हणजे विदर्भाचा अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानाने मागे राहिलेला विकास, दूर झाल्याचं सरकारचं उत्तर. दुसरी म्हणजे अनुशेष वाढल्याचा आरोप करत विरोधकांचा सभात्याग. सत्ता बदलली की काल सभात्याग करणारे आज उत्तर वाचून दाखवतात, एवढाच काय तो फरक. पेपर वाचणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलतोय. गंमत अशी की कागदावर दोघंही खरे असू शकतात. ते कसं, हे कळलं की मागास भागात सरकार पैसा घालतं म्हणजे नेमकं काय करतं आणि तो मध्येच कुठं जिरतो, याचा बराचसा उलगडा होतो.

अधिवेशन नागपूरलाच का, इथून सुरुवात करू. १९५३ साली विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होतं. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, उरलेला बराचसा मराठी मुलूख मुंबई राज्यात. सगळ्यांचं मिळून एक मराठी राज्य करायचं तर विदर्भ-मराठवाड्याला धास्ती होती की पुण्या-मुंबईच्या पुढाऱ्यांसमोर आपल्याला विचारणार कोण? म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. निधीचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलं जाईल आणि सरकार वर्षातला काही काळ नागपूरला येईल, असं ठरलं. आज त्यातलं अधिवेशन तेवढं नेमाने भरतं.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात याला घटनेचाही आधार मिळाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळं नेमावीत आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकावी, अशी ती तरतूद. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. कलम १९५६ चं, मंडळं १९९४ ची. मधल्या ३८ वर्षांत धरणं झाली, साखर कारखाने झाले, एमआयडीसी झाल्या. त्या कुठं झाल्या हे महाराष्ट्राचा नकाशा समोर धरला की दिसतंच.

कोण किती मागे आहे याचा हिशोब पहिल्यांदा मांडला तो प्रा. वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने. समिती नेमली १९८३ साली, अहवाल आला १९८४ मध्ये. दांडेकर म्हणजे दारिद्र्याच्या मोजमापात ज्यांचा शब्द देशभर मानला जायचा ते अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी भावनेचा प्रश्न आकड्यांत आणला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घेतली, प्रत्येकाची राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याचा तेवढा अनुशेष, असा साधा नियम लावला.

एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा राज्यात तीनच सारखे जिल्हे आहेत. दर शंभर हेक्टरांपैकी पहिल्यात ४० हेक्टरांना पाणी मिळतं, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात २०. सरासरी ३०. तिसरा जिल्हा १० हेक्टरांनी मागे, हा त्याचा भौतिक अनुशेष. एक हेक्टर भिजवायला धरण-कालव्याचा खर्च एक लाख धरला तर दहा लाख रुपये हा त्याचा आर्थिक अनुशेष. दुसऱ्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य, पहिल्याचाही शून्य.

आता काही वर्षं जाऊ द्या. पहिल्या जिल्ह्याने जोर लावला, तो ७० वर गेला, बाकीचे जिथल्या तिथे. सरासरी झाली ४०. कालपर्यंत ज्याला काही मागायचा हक्क नव्हता तो दुसरा जिल्हा रातोरात मागास ठरला आणि तिसऱ्याचा अनुशेष १० वरून २० हेक्टर झाला. दरम्यान सिमेंट-लोखंड-मजुरी महागली आणि हेक्टरी खर्च दोन लाखांवर गेला. म्हणजे आर्थिक अनुशेष दहा लाखांवरून थेट चाळीस लाख. तिसऱ्या जिल्ह्यातलं पाणी मात्र थेंबभरही कमी झालेलं नाही.

हेच उलट बाजूनेही होतं. सरासरी जुनीच धरली आणि सरकारने तिसऱ्या जिल्ह्याला ठरलेले दहा लाख रुपये पै न पै देऊन टाकले, पण तोवर खर्च दुप्पट झाल्याने काम झालं पाचच हेक्टरांचं. आर्थिक अनुशेष शून्य. भौतिक अनुशेष पाच हेक्टर. मंत्री पहिला आकडा वाचतात, विरोधक दुसरा. झालं अधिवेशन.

खऱ्या आकड्यांकडे येऊ. दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष काढला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडा बघून पुष्कळ जण चमकतात. सधन म्हणून ज्या भागाकडे बोट दाखवायचं, त्याचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त कसा? कारण उर्वरित महाराष्ट्र म्हणजे नुसते बागायती कोल्हापूर-सांगली नव्हेत. त्यात कोकण येतं, खानदेश येतो, सोलापूर-नगरचा दुष्काळी पट्टा येतो. पण राजकारणाच्या दृष्टीने हा आकडा फार सोयीचा निघाला. ‘आम्हीही मागासच’ म्हणायची मुभा सगळ्यांना मिळाली.

मोजमापाची एक मोठी खोटही इथेच आहे. हिशोब जिल्ह्याचा. साताऱ्यात एका टोकाला महाबळेश्वरचा धो धो पाऊस, दुसऱ्या टोकाला माण-खटावचा दुष्काळ. दोन्हींची सरासरी काढली की सातारा छान दिसतो आणि माणमधली बाई टँकरच्या रांगेत उभी असते. गडचिरोलीत त्यातल्या त्यात पुढारलेलं देसाईगंज आणि जंगलातलं दुर्गम भामरागड एकाच रकान्यात येतात. तालुका हे एकक धरा, ही मागणी तेव्हापासूनची आहे. त्यात अडचणही खरी आहे. तालुक्यापर्यंत खाली उतरलं की राज्यातल्या प्रत्येक आमदाराला आपला एखादा मागास तालुका सापडतो, आणि सगळेच मागास ठरले की वाटपाला अर्थ राहत नाही.

१ मे १९९४ ला तीन विकास मंडळं अस्तित्वात आली. मग राज्यपालांनी निर्देशांक व अनुशेष समिती नेमली आणि तिने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. या वेळी आकडा आला १४,००६.७७ कोटी. विदर्भ ६,६२४.०३ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.१९ कोटी. दहा वर्षांत रक्कम चौपटीहून जास्त झाली. त्यातला किती भाग महागाईचा, किती सरकलेल्या सरासरीचा आणि किती खऱ्या उपेक्षेचा, हे वरच्या उदाहरणावरून ताडता येईल. पण एक बदल महागाईच्या माथी मारता येत नाही. एकूण अनुशेषातला विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाड्याचा साधारण साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर. महागाई सगळ्यांना सारखीच होती.

पुढे राज्यपाल दरवर्षी वाटपाचे निर्देश देऊ लागले आणि रक्कम हळूहळू चुकती होत गेली. पैशाच्या हिशोबात अनुशेष संपत आला, तरी अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष काही संपेना. शिवाय हे सगळं १९९४ च्या सरासरीशी तुलना करून. म्हणजे उद्या अनुशेष पुरता संपला असं जाहीर झालं, तरी त्याचा अर्थ एवढाच की हे जिल्हे १९९४ च्या महाराष्ट्राला येऊन मिळाले.

या चार जिल्ह्यांतच गाडी का अडली? आळशी लोक, नाकर्ते पुढारी ही दोन उत्तरं तयारच असतात, आणि दुसऱ्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण जमिनीचंही ऐकायला हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. ते पिकाला दिलं तर काळी जमीन दगडासारखी घट्ट होते. इतर जिल्ह्यांत शेतकरी सरकारी कालव्याची वाट न बघता स्वतःच्या विहिरीवर बागायत करतो, ती वाट इथं बंद आहे. उरतं पावसाचं गोडं पाणी साठवणं, म्हणजे शेततळी आणि नाल्यांवरचे बंधारे. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा-विदर्भाच्या दुष्काळी गावांसोबत खारपाणपट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली, ती याच कारणाने. सरासरी काढणाऱ्या तक्त्यात मातीचा रकाना नसतो.

पूर्व विदर्भात अडचण जंगलाची. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात गावाच्या चराईसाठी, सरपणासाठी ठेवलेल्या पडीक जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. नागपूर विभागाच्या सहाही जिल्ह्यांत ती पसरलेली. जमीन महसूलची की वनखात्याची, या वादात कालवे, रस्ते, शाळांच्या इमारतीसुद्धा वर्षानुवर्षं अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिला. पैसा मंजूर होता, पण कुदळ मारायला परवानगी नव्हती, असं इथं अनेकदा झालंय. आणि तीस-एकतीस मार्चला न वापरलेला पैसा परत जातो किंवा जिथं कामं तयार आहेत तिकडे वळतो. कामं तयार कुठं असतात? जिथं आधीपासून कामं चालू आहेत तिथं. मागास भागाचा पैसा पुढारलेल्या भागात जाण्यासाठी दरवेळी कुणाचा डाव असावाच लागतो असं नाही.

गोसीखुर्दचं उदाहरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवरचं हे धरण. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. मूळ किंमत ३७२ कोटी. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट, भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्चाचा सुधारित आकडा नंतर १८,४९४ कोटींवर पोचला. ३७२ चे १८,४९४ व्हायला मंत्रालयात एक सोपा शब्द आहे, ‘सुप्रमा’. सुधारित प्रशासकीय मान्यता. भूसंपादन लांबलं की सुप्रमा, पुनर्वसनाचं पॅकेज वाढलं की सुप्रमा, दरसूची बदलली की सुप्रमा. मोठ्या प्रकल्पांत ती एकदा घेऊन भागत नाही. राज्यातल्या सिंचन प्रकल्पांच्या अशा फुगलेल्या किमतींवरून २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, चौकशा लागल्या, राजकारण पेटलं. तो वेगळा लेख होईल.

इथं मुद्दा असा की धरण म्हणजे सिंचन नव्हे. भिंत उभी राहते, घळभरणी होते, म्हणजे नदीपात्रातली शेवटची मोकळी जागा बुजवली जाते, फोटो निघतात. मग मुख्य कालवा लागतो, त्याच्या शाखा, त्यांच्या वितरिका, त्याखाली लघुवितरिका आणि शेवटी शेताच्या बांधाला भिडणारी पाटचारी. पाटचारी नसेल तर वरचे हजार कोटी शेतकऱ्याला दुरून बघायचे. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचं अस्तरीकरण इतकं निकृष्ट निघालं की काही भाग उखडून नव्याने करावा लागला. दुसरीकडे जलाशयात पाणी भरलं, त्यात नागपूर शहराचं सांडपाणीही आलं, नाग नदीतून कन्हान आणि तिथून वैनगंगा अशा वाटेने. ज्यांची गावं या धरणात बुडाली त्यांना हे काय वाटत असेल, ते विचारूच नये. सरकारी अहवालात ‘निर्मित सिंचन क्षमता’ असा रकाना असतो आणि ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ असा वेगळा. या दोहोंतलं अंतर म्हणजे न झालेल्या पाटचाऱ्या, फुटलेले कालवे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला न पोचलेलं पाणी.

याच भागात मामा तलाव आहेत. कुणाच्या मामाचे नव्हेत, माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळात गावाने, विशेषतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, भाताला पाणी देणारे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कुणी काढायचा हे ठरेपर्यंत ते निम्मे उथळ झाले. नव्या धरणाला निधी मिळतो, उद्घाटन मिळतं. गाळ काढण्याच्या कामाला कोनशिला नसते. माझ्या मते मागास भागातल्या सरकारी गुंतवणुकीचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे, भ्रष्टाचार त्याच्या मागून येतो.

पॅकेज हा आणखी एक प्रकार. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. निम्म्याहून जास्त रक्कम सिंचन प्रकल्पांना, बाकी व्याजमाफी, बियाणं, जोडधंदे. जोडधंद्यात अनुदानावर दुभत्या गाई दिल्या. संकरित गाय म्हणजे रोजचा हिरवा चारा, पेंड, भरपूर पाणी आणि जवळ दूध डेअरी. कोरडवाहू कापूसवाल्याकडे यातलं काय होतं? अनेकांनी गाई विकून टाकल्या. पॅकेजला मुदत असते आणि मुदतीत पैसा संपवायचा असतो, त्यामुळे पटकन वाटता येईल ते वाटलं जातं. गाय पटकन वाटता येते, डेअरी पटकन उभी राहत नाही.

सगळंच असं फसलं असंही नाही. तुमच्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर दिसतो ना, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००? तो १९७५ सालचा कायदा रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला. १९७२ च्या दुष्काळातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली ही योजना १९७७ मध्ये कायदा झाली. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. पुढे २००५ चा देशाचा कायदा याच वळणावर आला. इथं कुठला भाग मागास हे मंत्रालयाने ठरवायचं नव्हतं. जिथं हाताला काम नाही तिथं लोक आपसूक मागणी करत होते. आणि १९९० पासून हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात फळबाग लावायला अनुदान मिळालं, तेव्हा कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब-बोरं पसरली. झाडाला देखभालीचं वेगळं टेंडर लागलं नाही, कारण झाड ज्याचं होतं तो रोज तिथंच होता.

मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बसही मला याच जातीच्या वाटतात. सव्वाशे मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेणाऱ्या-आणणाऱ्या. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, मध्ये जंगल नाहीतर आडरान, म्हणून मुलींची शाळा सुटायची. एवढा एक अडथळा हेरून पैसा तिथं लावला. बस आली की नाही, हे गावातल्या कुणालाही विचारलं तरी कळतं.

२०११ मध्ये नेमलेल्या अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने २०१३ साली दिलेल्या अहवालात सरासरीच्या जुन्या हिशोबात अडकून न पडता सगळ्या विभागांच्या समतोल विकासाची नवी मांडणी करायला सांगितलं. अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला, चर्चा झाली, आणि मग कपाटात गेला. केंद्राने २०१८ मध्ये देशभरातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवडले, महाराष्ट्रातले चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव. तिथं खर्चाऐवजी कुपोषण, शाळा, लसीकरण असे निर्देशांक दरमहा मोजायचे ठरले. मोजायची गोष्ट बदलली हे चांगलं झालं. जिल्ह्यांची चढाओढ लावली की आकडे भरण्यातही चढाओढ लागते, तेवढं ध्यानात ठेवावं. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती पुन्हा आणण्याची शिफारस राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये केली.

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमुक भागासाठी इतके हजार कोटी’ असा मथळा दिसला तर आधी एवढं बघा, ही घोषणा आहे, अर्थसंकल्पातली तरतूद आहे, प्रत्यक्ष वितरित झालेला निधी आहे की झालेला खर्च? चारही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातमीत बहुतेकदा पहिलीच असते. तरतूद, वितरण आणि खर्चाचे आकडे राज्याच्या ‘बीम्स’ या अर्थसंकल्प वितरण प्रणालीत असतात. मग प्रकल्पाची पहिली प्रशासकीय मान्यता कोणत्या सालची आणि सुप्रमा कितवी, ते विचारा. सिंचनाचं काम असेल तर क्षमता किती हा प्रश्न सोडून पाटचाऱ्या किती किलोमीटर झाल्या, हे विचारा. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी आपल्या आमदाराला हे लेखी विचारता येतं, जलसंपदा विभागाकडे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. पाटचाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर यायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.